मंगलाष्टकवाल्याचा मोबाइल-स्टँड

मित्रांनो, मला पाय तीन आहेत, पण आजवर स्वतःहून मी एक पाऊलही टाकलेलं नाही. कुणी उचललं तर उठायचं, कुणी उभं केलं तर उभं राहायचं, आणि ज्या दिशेला तोंड करून ठेवलं तिकडं बघत बसायचं. मोबाइल धरून ठेवणारा एक साधा स्टँड मी. आता जुना झालो. करडी गावातल्या एका घरात, धानाच्या कोठीमागे माझा मुक्काम असतो. एका पायाची कळ तुटली आहे, आणि डोक्यावरच्या ज्या चिमट्यात मोबाइल बसायचा त्यात हल्ली घरातल्या म्हाताऱ्या बेबीबाईंची जपमाळ अडकवलेली असते.

शाळेत तुम्ही छत्रीचं, फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहिता. त्यात शेवटी थोडंफार बरं होतं. कुणीतरी पुस्तक चिकटवतं, कुणी छत्रीला नवी काडी घालतं. माझ्या गोष्टीत तसं काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला नको असेल त्याने आताच खेळायला जावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येत नाही. नळ्या कापल्याचा आवाज आठवतो, गरम प्लास्टिकचा वास आठवतो. मग एक अंधारी पेटी, पुष्कळ हादरे, आणि एके दिवशी उजेड. तो तुमसरच्या बाजारातल्या भुपेंद्रच्या दुकानातला उजेड होता. मोबाइलचे कव्हर, चार्जर, काचा असं सगळं तिथं टांगलेलं असे आणि त्या सगळ्यावर राइसमिलच्या कोंड्याची बारीक धूळ बसे. आम्हा स्टँडांची एक वेगळी फळी होती. माझ्या उजवीकडे गोल दिवा डोक्यावर घेतलेला एक उंच, देखणा स्टँड होता. डावीकडे हवे तसे वाकणाऱ्या पायांचा एक बुटका. मी मधला. ना देखणा, ना वाकणारा.

गिऱ्हाइकं यायची ती बहुतेक हसरी असायची. लग्नात नाचून रील करणाऱ्या मुली, शिकवणी घेणारे सर, भाज्यांचे व्हिडिओ करणाऱ्या एक बाई. ज्याला एकट्यानं शूटिंग करायचं असे तो आमच्या फळीपाशी येई. आम्ही मान ताठ करून उभे राहायचो. आपल्याला कोण निवडतं, यापलीकडे तेव्हा आम्हाला कसली काळजी होती?

माघातल्या एका दुपारी खेमराजभाऊ आले. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, आणि डावा गाल जरासा फुगलेला.

"भौ, मोबाइल उभा करायचा स्टँड पाह्यजे," ते म्हणाले. "एकट्यानंच शूटिंग करतो म्हनलं तं कोनता चालते?"

"काय जी काका, चॅनल काढून राहिले का?" भुपेंद्रनं विचारलं.

"तसंच समज."

"कायचं? शेतीचं का कॉमेडीचं?"

"लगनाचं."

"बापा! ह्या वयात?"

दुकानातले सगळे हसले. खेमराजभाऊही हसले, पण हसता हसता त्यांचा हात गालावर गेला आणि हसू मधेच थांबलं.

भुपेंद्रनं आधी गोल दिव्यावाला देखणा काढला. "हा घ्या. चेहरा असा चमकते का पंचविशीतले दिसान."

"उजेड तं देवाचा गंज हाय, पुरून उरन एवढा. अन हा घेऊन निंगालो का साऱ्या गावाले दिसन."

मग बुटका निघाला. "हा झाडाच्या फांदीले गुंडाळा, पाय वाकते याचे."

"खेकड्यावानी हाय हा. नको."

मग माझी पाळी आली. त्यांनी मला जमिनीवर उभं केलं. पाय एकेक करून ओढले, कळा दाबून पाहिल्या. माझ्या डोक्यावर मोबाइल ठेवून चार पावलं मागं गेले, हात जोडून उभे राहिले, परत आले, मान वाकडी करून पडद्यात पाहिलं. मग घडी केली आणि कापडी थैलीत घालून पाहिली. बरोबर मावलो. छत्रीच वाटलो असेन.

"पडनार तं नाही ना? धरनारं कोनी नाही राहत संग."

"नाही पडत काका. वाऱ्याले तेवढं सांभाळा. खाली हा हुक हाय ना, त्याले दगड बांधून देजा."

अशी माझी निवड झाली. मला वाटलं, मी मजबूत म्हणून घेतलं. थैलीत मावतो आणि कुणाला दिसत नाही म्हणून घेतलं, हे घरी पोचल्यावर कळलं.

खेमराजभाऊंचा धंदा धानाच्या अडतीचा, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती मंगलाष्टकवाले म्हणून. करडीपासून तुमसरपर्यंत ज्याच्या घरी लग्न, तो पत्रिका घेऊन आधी त्यांच्याकडे यायचा. मंगलाष्टकं ते स्वतः रचायचे आणि माइकवर म्हणायचे. त्यांची एक पद्धत होती. कडवं झालं की ते 'शुभमंगल' म्हणून थांबत आणि 'सावधान' लोकांसाठी सोडून देत. सगळा मांडव एका आवाजात 'सावधान' म्हणायचा आणि अक्षता उडायच्या. शेवटच्या कडव्याचं 'सावधान' मात्र त्यांचं स्वतःचं. तिथं लोकांनी तोंड उघडायचं नाही. ते त्या शब्दाला असं काही ताणत नेत की, म्हातारी माणसं सांगतात, अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातून तो आपोआप सुटे. नवरानवरी एकमेकांना पहिल्यांदा पाहत ती त्या एका शब्दावर.

त्यांच्याच गालात आता गाठ होती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून खर्रा करतात, तो त्यांच्या गालात वर्षानुवर्षं असे. गाठ जिभेत उतरली होती. जीभ बरीचशी काढावी लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशन माघ संपायच्या आत. आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, रंजिताचं, लग्न वैशाखात. नवरा मुलगा अंकुर, वरठीला नोकरीला.

म्हणजे गावभरच्या पोरींची लग्नं ज्या आवाजानं लावली, तो आवाज स्वतःच्या पोरीच्या लग्नाला असणार नव्हता. तेवढा आवाज आधीच भरून ठेवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी थैलीत, खुंटीला टांगलेला होतो. जेवणं झाल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "अवो, रंजिताचे मंगलाष्टक मोबाइलात भरून ठेवतो म्हनतो. तू धरतं का मोबाइल?"

करुणाबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. उत्तर आलं ते बेबीबाईंकडून. बेबीबाई म्हणजे खेमराजभाऊंच्या विधवा मोठ्या बहीण.

"मांडव नाही, हळद नाही, अन मंगलाष्टक? अपशकुन करून राहिला का खेमा? बिन लगनाचं मंगलाष्टक घरात म्हनत नाही बापा."

"ताई, मोबाइलातच तं म्हनतो."

"मोबाइलाले का कान नसते?"

मग करुणाबाई बोलल्या, अगदी हळू. "आपरेशन होऊन येसान. मंग मांडवातच म्हनान ना. आतापासून कायले भरून ठेवता? मले नाही आयकायचं." आणि भांड्यांची पाटी उचलून त्या मागच्या अंगणात गेल्या.

त्यांना राग आला नव्हता, मित्रांनो. आवाज भरून ठेवायचा म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं. ते त्यांच्यानं होत नव्हतं. खेमराजभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून तर दुपारीच तुमसरहून मी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी "बांधीतली लाखोळी पाहून येतो" असं सांगून ते सायकलवर निघाले. हँडलला मी. गावाबाहेर एक बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. तिच्या काठच्या मातीच्या उंच पारीवर त्यांनी मला उभं केलं. खाली कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं. पाण्यात बगळे उभे होते.

एकट्यानं शूटिंग करणं सोपं नसतं. पहिल्या वेळी माझी मान सैल राहिली, मोबाइल हळूहळू खाली झुकला आणि पूर्ण कडवंभर त्यांच्या चपलांचं चित्रीकरण झालं. दुसऱ्या वेळी वाऱ्यानं मी तोंडावर पडलो. त्यांनी दुपट्ट्यात दगड बांधून माझ्या हुकाला लटकवला. तिसऱ्या वेळी सोमाजी शेळ्या घेऊन पारीवर चढला.

"खेमराजभौ, कोनाचं लगन लावून राहिले जी? ह्या बगळ्याचं का?"

"हो ना. बगळी नाही म्हनून राह्यली, तिले समजावून राह्यलो."

"समजावा समजावा. हुंड्यात मासोळ्या मांगजा!" म्हणत सोमाजी शेळ्या हाकत उतरून गेला. खेमराजभाऊ तो दिसेनासा होईपर्यंत हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. मग चेहरा पुसला, पाण्याचा घोट घेतला, तो गिळताना डोळे मिटले, आणि उभे राहिले.

मित्रांनो, तो आवाज मी जवळून ऐकला. दुखत होतं, ते दिसत होतं. काही अक्षरांवर त्यांची डावी भुवई उचलली जायची. पण आवाजात ते येऊ देत नव्हते. रंजिता लहानपणी अडतीच्या गोदामात जाऊन झोपायची, त्यावर त्यांनी एक कडवं रचलं होतं.

'माझी लेक पुन्हा निजे चिमुकली त्या धान्यपोत्यांवरी.'

ही ओळ म्हणताना त्यांनी पडद्यामागे कुणी उभं असावं तसं माझ्याकडे पाहिलं. कडवं संपलं. 'शुभमंगल' म्हणून ते सवयीनं थांबले, लोकांच्या 'सावधान'साठी. लोक नव्हते. टिटवी ओरडली. त्यांनी हातानंच अक्षता उडवल्यासारखं केलं आणि पुढचं कडवं धरलं. असं प्रत्येक कडव्याला झालं. ती मोकळी जागा मांडवातले लोक भरतील, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

मग शेवटचं कडवं आलं. आवाज चढला, हात वर गेला. 'शुभमंगल...' आणि ते थांबले.

इथं लोकांसाठी थांबायचं नव्हतं. इथं त्यांचा शब्द होता. पण हात तसाच वर, तोंड अर्धवट उघडं, आणि शब्द नाही. मग हात खाली आला. ते माझ्याजवळ आले, मोबाइल बंद केला आणि माझ्या चिमट्यावर टिचकी मारून हसले.

"नाही बाबू. हा शबद रिकाम्या जागी नाही म्हनत. समोर तूच एकटा उभा हायेस. म्हनलो तं तुह्यासंगच लगन लागन माहं!"

बेबीबाईंचा अपशकुन त्यांनी घरी खोडून काढला होता, पण तो त्यांच्या आत कुठंतरी शिल्लक होता. त्यांच्या हिशेबी शेवटच्या 'सावधान'वर लग्न लागतं. समोर नवरी नसताना तो शब्द उच्चारायचा म्हणजे देवाला खोटं बोलावणं धाडायचं. आणि आणखी एक गोष्ट होती. मोबाइल पुसून खिशात ठेवताना ते स्वतःशीच म्हणाले, "साऱ्या मंगलाष्टकाचं राहू दे. पन आपरेशन झाल्यावरबी एक शबद तं निंगन ना तोंडातून? एक शबद मांडवात मीच म्हनीन."

माझ्याकडे तोंड नव्हतं, मित्रांनो. असतं तर मी पारीवरून खाली लाखोळीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

व्हिडिओ त्यांनी दोनदा लावून पाहिला. "जमलं," म्हणाले. "शाब्बास रे." ही माझ्या आयुष्यातली एकुलती एक शाबासकी.

ते नागपूरला गेले. मी खुंटीवरच्या थैलीत राहिलो. एकदा करुणाबाई थैली झटकायला घेतात तो मी बाहेर पडलो. त्यांनी मला उलटंसुलटं पाहिलं, हे काय ते कळलं नाही, आणि कोठीमागे टाकून दिलं.

खेमराजभाऊ परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं ते सदऱ्यावरून. गाल आत गेला होता, मानेवर शिवणीसारखी खूण होती, तोंडावर कायम पांढरा दुपट्टा. पेज भरवावी लागायची, तीही गळून पडायची. बोलायचं म्हटलं की घशातून एक लांबट आवाज यायचा. करुणाबाई म्हणायच्या, "पानी का? पंखा का?" आणि ते मान हलवायचे. बेबीबाई देवापुढे बसून असायच्या.

चैत्रात एके दिवशी त्यांनी मला शोधून काढलं. घरात कुणी नव्हतं. गोठ्यामागच्या सावलीत मला उभं केलं, मोबाइल लावला, आणि दुपट्टा खाली घेतला.

ते तो एक शब्द म्हणायचा सराव करत होते.

'सावधान' किती अवघड शब्द आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यातला 'व' काय तो ओठांचा. 'स' जिभेचा, 'ध' जिभेचा, 'न'ही जिभेचा. खेमराजभाऊंकडे 'व' उरला होता. बाकी आ, आ, आ. ते म्हणत, मोबाइल काढून ऐकत, खोडून टाकत, पुन्हा लावत. रोज. घरातली माणसं बाहेर गेली की आम्ही दोघं गोठ्यामागे. गाय रवंथ करत आमच्याकडे पाही. सुरुवातीला ते चुकलं की स्वतःच्याच मांडीवर थाप मारत. नंतर तेही थांबलं. नुसतं म्हणायचं, ऐकायचं, खोडायचं. त्यातलं एकही चित्र आज कुठं शिल्लक नाही. पाहणारा मी एकटा.

आणि कुणाला त्यांनी सांगितलंही नाही. सांगणार तरी कसं? पण लिहिता येत होतं, मित्रांनो. लिहूनही त्यांनी सांगितलं नाही.

लग्न तोंडावर आलं तेव्हा त्यांनी तो बोडीवरचा व्हिडिओ रंजिताला दाखवला. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती, सुट्टी घेऊन आली होती. ती ओसरीवर बसली, कानाशी मोबाइल धरला, आणि धान्यपोत्यांच्या ओळीला तिचा बांध फुटला. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "बाबा, हेच लावू मांडवात. दुसरं कोनीच नाही म्हननार. पन शेवटचा शबद राह्यला ना?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुमी म्हनान?"

मान हलली. हो.

रंजिता शिकत होती दवाखान्याचंच. तिला काय ते समजलं असणार. "लगन लावनारे महाराज म्हनतीन ना बाबा, तेवढं एक..." एवढंच ती म्हणाली, आणि त्यांनी जोरात मान झटकली. बापाला 'तुमच्यानं होणार नाही' असं कोणती मुलगी लग्नाआधी म्हणेल?

वैशाखातलं दुपारचं लग्न. अंगणात मांडव, पंखे गरम वारा फेकणारे, वरठीची वरात, मोठमोठे भोंगे घेऊन आलेला डीजेवाला. मला पुसून, कधी नव्हे ते पायाला हळदकुंकू लावून बोहल्याच्या कडेला उभं केलं. डोक्यावर मोबाइल, मोबाइलपुढे माइक. माझा हा सर्वात मोठा मान. आणि मला फक्त पळून जावंसं वाटत होतं.

अंतरपाट धरला. रंजितानं स्वतः येऊन बटण दाबलं आणि जागेवर गेली.

खेमराजभाऊंचा आवाज मांडवात भरला. माघापासून तो कुणी ऐकला नव्हता. वाढपी पातेली घेऊन जागीच थांबले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिल्या कडव्याला 'शुभमंगल' आलं आणि सगळा मांडव 'सावधान' म्हणाला, दुसऱ्याला त्याहून मोठ्यानं. खेमराजभाऊ नवरीमागे खुर्चीवर बसून आपलाच आवाज ऐकत होते. करुणाबाई मांडवात नव्हत्या. स्वयंपाकाच्या चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या.

शेवटचं कडवं लागलं तसे खेमराजभाऊ उठले. माइकपाशी आले, म्हणजे माझ्यापाशीच. त्यांचा हात माझ्या पायाला लागला.

'शुभमंगल...' मोबाइल म्हणाला, आणि थांबला.

शेवटचं 'सावधान' कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. मुठीत अक्षता धरून सगळे खेमराजभाऊंकडे पाहत होते. त्यांनी दुपट्टा खाली घेतला. पुढच्या रांगेतलं एक लेकरू ते तोंड पाहून आईला बिलगलं. त्यांनी हात वर केला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"आ..."

माझ्या मते 'स' शोधत होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. लाळेची तार सदऱ्यावर उतरली. "आ... वा..." त्यांना 'व' सापडला होता. मी सांगतो, सापडला होता. अजून थोडं थांबला असता मांडव, तर निदान तेवढं तरी...

"मोबाइल हँग झाला वाटते!" डीजेवाला म्हणाला. तो वरठीचा, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा काही दोष नाही. त्यानं आपल्या हातातला माइक तोंडाशी नेला आणि हसऱ्या आवाजात सगळ्या भोंग्यांतून ओरडला, "सावधाऽऽन!" आणि बँडची धून लावली.

अंतरपाट पडला. अक्षता उडाल्या. खेमराजभाऊ तसेच उभे, हात वर, तोंड उघडं. चारी बाजूंनी अक्षता येत होत्या आणि त्यांतले काही दाणे त्यांच्या उघड्या तोंडात पडले.

ते त्यांना थुंकताही आले नाहीत. रंजिता हार हातात घेऊन अंकुरकडे नाही, बापाकडे पाहत होती. मग त्यांनी तिच्यासाठी म्हणून तोंड मिटलं, दुपट्टा वर घेतला, आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मी फार जवळ होतो, म्हणून मला त्या टाळ्या ऐकू आल्या. बँडच्या आवाजात बाकी कुणाला आल्या नसतील.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरवत होते. खेमराजभाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि करुणाबाई मला हातात धरून त्यांच्यासमोर आल्या. रंजितानं बापाकडून लिहून घेतलेली बोडीची सगळी हकीकत निघताना आईला सांगितली होती.

"हे घेऊन गेलते तुमी बोडीवर?" त्यांनी विचारलं. "एकटेच?"

मान हलली.

"मी होती ना घरी. रंजिता एका हाकेवर होती, ताई होत्या. सहा हात होते घरचे, अन तुमी बजारातून तीन पाय आनले?"

ते खाली पाहत राहिले.

"हो, नाही म्हनली मी. एकडाव नाही म्हनली. जन्मभर हरेक गोष्टीले एकडाव नाहीच म्हनली ना मी तुमाले? पैठनीले नाही म्हनली, सायकलीले नाही म्हनली, मंग घेतली का नाही? दुसऱ्यांदा इचारलं असतं तं!" त्यांचा आवाज फाटला. "मी राहिली असती समोर उभी. माह्याकडं पाहून म्हनले असते तो शबद. लगन तं आपलं लागलंच होतं, दुसऱ्यांदा लागलं असतं, त्यात काय अपशकुन होता जी?"

खेमराजभाऊंनी तोंडावरचा दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला. करुणाबाईंनी मला आपटलं. माझ्या पायाची कळ तुटली ती तेव्हा. मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणीतरी काहीतरी आपटायलाच हवं होतं.

त्यानंतर खेमराजभाऊंनी तोंडातून एकही आवाज काढला नाही. पाणी हवं असलं तरी नाही. दुखणं पुन्हा उलटलं, आणि आखाडात, बाया बांध्यांत रोवणीला वाकलेल्या असताना, ते गेले. करुणाबाईंनी तो व्हिडिओ आजवर पाहिलेला नाही. रंजिता पाहते का, मला माहीत नाही. गावात आता लग्नाला भोंग्यांतूनच मंगलाष्टकं लागतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू सांगत असते की आम्हाला जपा, धूळ पुसा, फेकू नका. माझं मागणं तसलं नाही. मला कोठीमागेच राहू द्या.

स्टँड घ्यायला गेलात तर मान घट्ट आहे का पाहा, पायांच्या कळा दाबून पाहा, वजन लटकवायला हुक आहे का पाहा. पण दुकानात जाण्याआधी एकदा घरात पाहा. मोबाइल धरणारं कुणी आहे का? असेल तर त्याला विचारा. नाही म्हणालं तर पुन्हा विचारा. घरातलं माणूस रागानं नाही म्हणतं असं थोडंच असतं, कधी कधी नुसतं घाबरलेलं असतं. आणि तुमच्या घरात कुणी गुपचूप स्टँड आणून ठेवलेला दिसला, तर 'हे काय नवीन' म्हणून हसू नका. काय भरून ठेवायचं आहे ते विचारा, आणि हात पुढे करा.

तुमचा हात थोडा हलेल, चित्रही हलेल. हलू द्या. हात असलेल्या माणसाला तोंडही असतं. समोरचा बोलता बोलता मधेच थांबला, तर ते पलीकडून म्हणू शकतं, "थांबले काहून? म्हना ना पूर्ण. मी हावो ना इथं."